तोळाभर रुपया, अर्धी चांदी

‘राणीछाप’ म्हटले की आपण अस्सल समजतो. त्यामागचा हिशेब मला मोठा बोलका वाटतो. जुन्या रुपयाच्या १८० ग्रेन वजनात १६५ ग्रेन चांदी असे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि धास्तावलेले लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. गरजेहून अधिक नाणी जमवणे गुन्हा ठरला. त्याच वर्षी सरकारने रुपयातली चांदी ९० ग्रेनवर आणली. बाकी तांबे, निकेल, जस्त. वजन तेच, तोळाभर! तराजूला फरक कळेना. सराफाच्या कसोटीला कळे. १९४१ साली राणीछाप बाद झाला, १९४७ च्या निकेलच्या रुपयात चांदी उरलीच नाही. तरी लक्ष्मीपूजनाला पुष्कळ घरांत राणीछापच निघतो. कायद्याने बाद केलेल्याला देव्हाऱ्याने ठेवून घेतले!