खाडी मागे सरते तेव्हा : राजापूर, जैतापूर आणि जुवे

नकाशावर राजापूर शोधा. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुना नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे २४ किलोमीटर आत हे गाव दिसते. आज तेथे उभे राहिल्यास समुद्राचा वासही येत नाही. तरीही इतिहासाच्या पुस्तकांत ते सतत ‘राजापूर बंदर’ म्हणून भेटते. हे बंदर गेले कोठे, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. प्रत्यक्षात तो घरांचा आहे. पाणी बदलू लागले की पाण्याकाठची घरे काय करतात, याची जवळजवळ साडेतीनशे वर्षांची नोंद या एका खाडीत सापडते.

सतराव्या शतकात राजापूर ही दक्षिण कोकणातील अव्वल पेठ होती. अणस्कुरा घाटाने देशावरचा माल उतरे. मिरी, वेलदोडे, कापड येथून समुद्राकडे जाई. इंग्रजांची वखार होती, पुढे फ्रेंचही आले. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत करण्यासाठी येथील इंग्रज तोफा घेऊन गेले आणि आपले निशाण लावून गडावर मारा केला. त्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर स्वारी करून विचारला. वखार लुटली गेली, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैदेत पडले. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. त्यामागचे पाणी मात्र कोणी पाहत नाही. त्या काळीही मोठी जहाजे खाडीच्या तोंडाशी जैतापुरास नांगर टाकत आणि माल लहान होड्यांनी, भरतीचा ताण साधून, वर राजापुरास नेला जाई. पेठ वर आणि नांगर खाली, अशी ही जोडगोळी होती. भरतीची वेळ चुकली तर होडी अर्ध्या वाटेत चिखलात बसे.

१८८० साली जेम्स कॅम्पबेल याच्या देखरेखीखाली रत्नागिरीचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्र बरेच पालटले होते. अरबस्तानाशी थेट व्यापार करणारी गलबते रत्नागिरीच्या बंदरांपैकी अजून राजापुरासच येत होती; पण जुन्या दगडी धक्क्याच्या अलीकडे तीन मैलांपर्यंत कोणतेही मोठे तारू पोहोचू शकत नव्हते. धक्का जागेवर होता, त्याला लागणारे पाणी निघून गेले होते. इंग्रजांच्या जुन्या वखारीत तोवर सरकारी कचेरी बसली होती.

पाणी गेले कारण गाळ आला. गाळ आला कारण डोंगर उघडे पडले. ही साखळी समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी झाडांविषयी जी ताकीद आहे, ती अनेकांनी वाचली असेल : सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे, आंबा-फणसाला मालकाच्या राजीखुशीवाचून हात लावू नये. आंग्र्यांच्या काळातही सागाला आरमारासाठी जपले जाई. हे निसर्गप्रेम नव्हते, तो गलबतांचा हिशेब होता. पण त्या हिशेबाने सह्याद्रीच्या उतारावर माती धरून ठेवली. कंपनीचे राज्य आल्यावर १८२० च्या दशकात कलेक्टर डनलॉप याने रयतेच्या जमिनीवरील झाडांवरचा सरकारी हक्क सोडला. हेतू चांगला होता : हक्क मिळाला की लोक झाडे लावतील, जपतील. झाले उलट. मुंबई वाढत होती, तिला इमारती लाकूड आणि जळण हवे होते, आणि खाडीतून मुंबईला जाणारे गलबत ही सर्वांत स्वस्त गाडी होती. दोन-तीन दशकांत किनाऱ्याजवळचे डोंगर बोडके झाले. कोकणातला पाऊस उघड्या मातीवर पडला की ती जागेवर राहत नाही. ती ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीच्या माथ्याशी येते. राजापूर नेमके तेथेच वसलेले आहे.

येथे एक माणूस लक्षात ठेवण्याजोगा आहे. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञ. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा तो अधीक्षक होता आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगलतोडीमुळे दक्षिण कोकणातील ओढे उन्हाळ्याआधीच आटतात आणि खाड्यांची तोंडे भरून येतात, असा इशारा त्याने सरकारला वारंवार दिला. त्याच्या लेखनातील मोलाची गोष्ट अशी की हे ज्ञान केवळ त्याचे नव्हते. गावचे शेतकरी त्याला सांगत होते की पूर्वी येथे पाणी होते, आता नाही, आणि ते का नाही हेही त्यांना ठाऊक होते. म्हणजे हवापाण्यातील बदल सामान्य घरांनी ओळखल्याची आणि ती ओळख सरकारदरबारी पोहोचल्याची ही पावणेदोनशे वर्षांपूर्वीची नोंद आहे. कागदावर नाव मात्र अधिकाऱ्याचेच राहिले.

त्या बदलाचे कारण स्थानिक होते, आजच्या तापमानवाढीचे कारण जगभराचे आहे. दोन्ही एक मानणे चुकीचे ठरेल. पण घराचे मोजमाप तेव्हा होते तेच आजही आहे. खाडीकाठच्या घरात कोणी समुद्रपातळीचा आलेख पाहत नाही. उधाणाचे पाणी कोणत्या पायरीला लागले, भांगाच्या दिवसांत होडी कोठे टेकली, विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ झाले की चैत्रातच, हे पाहिले जाते. राजापूरजवळ उन्हाळे येथे गंगातीर्थाची चौदा कुंडे आहेत. तेथे दर तीनेक वर्षांनी भूगर्भातून पाणी अवचित वर येते आणि काही काळाने जाते. भूगर्भातील पोकळी भरली की वक्रनलिकेच्या तत्त्वाने ती रिती होत असावी, असा त्याचा एक खुलासा दिला जातो. अलीकडच्या वर्षांत गंगेच्या येण्याजाण्याचा जुना ठोका चुकू लागला आहे. ती कधी लवकर येते, कधी रेंगाळते. याचा संबंध हवामानबदलाशी लगेच जोडण्याचा मोह टाळावा. लक्षात घ्यायचे ते एवढेच की ‘या खेपेस गंगा लवकर आली’ हे वाक्य म्हणण्यासाठी घराघरांत जुन्या खेपांची आठवण जपलेली असावी लागते. या भागात ती आहे.

गाळाला राजापूर शहराने दिलेले उत्तर आजही दर पावसाळ्यात दिसते. अर्जुना आणि कोदवली या नद्या शहराशी मिळतात. पात्र उथळ झालेले, वरून सह्याद्रीचा लोंढा, खालून भरती. मग पाणी जवाहर चौकात शिरते. व्यापाऱ्यांना ते नवे नाही. पाऊस लागून राहिला की खालच्या फळ्यांवरचा माल वर चढतो, पाणी ओसरले की चिखल धुऊन दुकान पुन्हा लागते. पेठ उठून दुसरीकडे गेली नाही. बंदर मात्र खाली सरकले. जैतापूर, मुसाकाजी ही नावे पुढे मुंबई-गोवा आगबोटींच्या थांब्यांमुळे घरोघरी पोहोचली. ज्यांची उपजीविका नांगराशी बांधलेली होती, त्यांनी पाण्याच्या मागोमाग जाणे पत्करले. सरकणे हा त्यांचा जुना उपाय होता.

ज्याला सरकता येत नाही, त्याचे काय? जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचे गाव आहे. चहूबाजूंनी पाणी, मध्ये वस्ती. राजापूर तालुक्यातील सर्वांत लहान ग्रामपंचायतींपैकी ती एक. ‘जुवे’ हे नावच मुळी बेट या अर्थाचे आहे. कोकणीत बेटाला जुंवो म्हणतात आणि गोव्यातही मांडवी नदीत जुवें नावाचे बेट आहे. अशा गावात घराचे सगळे वेळापत्रक होडी ठरवते. किराणा होडीने येतो, आजारी माणूस होडीने जातो, चिरा आणि कौले होडीने उतरतात. मिरगाआधी वर्षभराची बेगमी करण्याची कोकणातली जुनी रीत, म्हणजे आगोट, बेटावर अधिकच आवश्यक होती. पाऊस आणि वारा एकत्र आला की तर बंद, आणि घरात असेल तेवढ्यावर दिवस काढायचे. मालदीव किंवा किरिबातीच्या बेटांविषयी वाचताना ज्या गोष्टी दूरच्या वाटतात, त्या राजापूर तालुक्यात एका तरीच्या अंतरावर आहेत.

बेटाचे आणि खाडीकाठचे गोडे पाणी कसे टिकते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्यावर तरंगत राहते. वरून उपसा वाढला, पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडून वाहून गेला, किंवा खालून समुद्र थोडासा चढला, की हा गोडा थर पातळ होतो. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ नंतरच्या काळात दरवर्षी सुमारे ३ मिलिमीटरने वाढली आहे. तीस वर्षांत हे साधारण अर्धी वीत होते. दोन मीटरांहून अधिक चढउतार करणाऱ्या भरतीपुढे अर्धी वीत ती काय, असे वाटेल. पण खाडीकाठचे बांध सर्वांत मोठ्या उधाणाच्या वर हातभर राखलेले असतात. त्या हातातली अर्धी वीत गेली, तर पाव राखण गेली.

हे बांध म्हणजे कोकणचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी गौरवलेला स्थापत्यवारसा. किल्ल्यांवर पुस्तके आहेत, खारबांधांवर फारशी नाहीत. खाडीतल्या चिखलाचा बांध, त्याला दगडाची बाहेरची बाजू, आणि मध्ये उघाडी. उघाडीची लाकडी झडप अशी बसवलेली असते की ओहोटीला शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर पडते आणि भरती तिला बाहेरून दाबून बंद करते. माणूस नको, यंत्र नको. बांध घातल्यावर काही पावसाळे जमिनीतला खार धुऊन निघतो, मग भात पिकते. कोकणच्या खार जमिनींत राता, गोव्याच्या खाजणांत कोरगुट अशा खारेपणा सोसणाऱ्या भातजाती पिढ्यान्‌पिढ्या राखल्या गेल्या. बांधाला खांड पडली, की पुढच्या भरतीआधी ती बुजवावी लागे. म्हणून सगळी वाडी एकाच वेळी उतरे. सहा तासांच्या आत काम झाले नाही तर शेत तीन-चार वर्षांसाठी गेले.

ही व्यवस्था दोन बाजूंनी खचली. पहिली बाजू मुंबईची. गिरण्या सुरू झाल्यापासून रत्नागिरी जिल्ह्याने तिला जेवढे हात दिले, तेवढे क्वचितच कोणी दिले असतील. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर घर चालले, हेही जुळवून घेणेच होते आणि यशस्वी होते. पण खांड बुजवायला मनीऑर्डर उपयोगी पडत नाही. दुसरी बाजू सरकारी. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा यांनी बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात शासनाकडे घेतली. पैसा आला, पक्के बांध झाले. मात्र भरती निविदेची वाट पाहत नाही. रात्री पडलेली खांड सकाळी बुजवण्याची सवय एकदा गेली, की ती अंदाजपत्रकाने परत येत नाही.

त्यातच समुद्राचा स्वभाव बदलला. अरबी समुद्रात २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवले. किनाऱ्याला ही आकडेवारी नावांनी आठवते. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ज्यात रत्नागिरीच्या अनेक घरांतली माणसे परतली नाहीत. २०१९ च्या दिवाळीचे क्यार आणि लगोलग आलेले महा. ३ जून २०२० चे निसर्ग. मे २०२१ चे तौक्ते, जे राजापूरच्या किनाऱ्यालगत वर सरकले. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो आणि हंगाम उघडतो, या गृहीतकावर मासेमारीचे सगळे कर्ज-उसनवारीचे गणित बसलेले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात होड्या पुन्हा ओढून घ्याव्या लागल्या, तर गेलेले दिवस भरून काढायला दुसरा हंगाम नसतो. त्या दिवसांत घराला आधार असतो तो खाडीचा : मुळे, तिसऱ्या, कालवे. ओहोटीला कोयती घेऊन चिखलात उतरणाऱ्या बायका हे काम करतात, आणि बंदराच्या इतिहासात त्यांचा उल्लेख नाही.

सोडून दिलेल्या खार शेतांत आता चिपी उगवली आहे. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, आणि २००५ पासून न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडण्यास मनाई आहे. लाटेचा जोर मोडणारी, काठाची माती धरणारी ही झाडे वाचली हे चांगलेच झाले. पण ज्याच्या आजोबांनी तेथे भात पिकवले, त्याच्या सातबाऱ्यावर शेत आणि जमिनीवर जंगल अशी स्थिती होते. बांध पुन्हा घालायचा म्हटला तर कायदा आडवा येतो, नाही घातला तर खारे पाणी पुढच्या विहिरीकडे सरकते. दोन्ही बाजूंना खरे आहे, आणि निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांतले बरेच जण गणपतीला आणि शिमग्याला येतात.

राजापूर शहरात अलीकडे नद्यांचा गाळ उपसण्याचे काम झाले. डोंगरावरून उतरलेली माती यंत्राने पात्राबाहेर काढून ठेवली गेली. जुव्याला अशी सोय नाही. तेथे मे महिन्याच्या शेवटी अजूनही पहिला प्रश्न तोच असतो : पाऊस लागण्याआधी होडीच्या किती खेपा होतील.