गेलेली साखर परत येऊं नये म्हणून

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, श्रीवर्धन तालुक्यांत, दिघी हें बंदर आहे. जवळच जंजिऱ्याचा किल्ला. पलीकडच्या तीरावर आगरदांडा. येथें इतिहास म्हटला कीं सिद्दीचें आरमार आणि मराठ्यांचे वेढे आठवावयाचे, अशी रीतच आहे. परंतु माणसाच्या देहाचाहि एक इतिहास असतो, आणि त्यांतील कित्येक पानें बाळंतिणीच्या खोलींत लिहिलीं जातात. गरोदरपणीं उद्भवणारा मधुमेह हें त्यांतीलच एक पान होय.

मधुमेह भारतीयांस नवा नाहीं. सुश्रुतानें त्याचे दोन प्रकार सांगितले : एक जन्मजात, दुसरा अपथ्यानें होणारा. रोग्यानें पायांत वहाण न घालतां शंभर योजनें चालावें, सांव्यासारख्या हलक्या धान्यावर निर्वाह करावा, विहीर खणावी, असे उपाय त्यानें सुचविले. अंगमेहनत आणि मिताहार यांचें महत्त्व त्या काळींहि ओळखलेलें होतें.

गरोदरपणाशीं या रोगाचा संबंध मात्र फार उशिरां उमगला. १८२४ सालीं बर्लिन विद्यापीठांतील एका प्रबंधांत हाइनरिख बेनेविट्झ यानें बाविशींतील एका स्त्रीची हकीकत दिली. पांचव्या गरोदरपणांत तिला अनावर तहान लागे व मूत्रांत साखर आढळे. मूल १२ पौंडांचें होतें. तें प्रसूतींतच दगावलें. पुढें आईच्या मूत्रांतील साखर नाहींशी झाली. १८८२ सालीं लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनींहि नोंदविलें कीं, मधुमेह केवळ गरोदरपणींच येऊं शकतो आणि एरव्हीं त्याचा मागमूसहि नसतो. साखर गेली म्हणजे रोग गेला, हा समज येथूनच दृढ झाला असावा.

त्या समजास तडा दिला तो बोस्टनच्या जॉन ओ'सुलिव्हन यांनीं. १९६४ सालीं क्लेअर माहन यांच्यासह त्यांनीं गरोदर स्त्रियांच्या रक्तशर्करेचीं प्रमाणें ठरविलीं. हीं प्रमाणें कोणत्या कसोटीवर ठरविलीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. कोणत्या स्त्रीस पुढील आयुष्यांत मधुमेह जडेल, हीच ती कसोटी होती. कारणहि स्पष्ट आहे. वारेंतून स्रवणारीं द्रव्यें इन्सुलिनच्या कार्यास विरोध करतात. ज्या स्त्रीचें स्वादुपिंड हा वाढता भार पेलूं शकत नाहीं, तिच्या रक्तांत साखर चढते. प्रसूतीबरोबर वार पडते, भार उतरतो, साखरहि उतरते. परंतु स्वादुपिंडाचें दुबळेपण मागें राहतें. १९६० नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार २००९ सालीं झाला, तेव्हां अशा स्त्रियांस पुढें मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षां सुमारें सातपट दिसून आला.

मग हा धोका टाळतां येईल काय? अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. वजन शेंकडा ७ नें घटविणें आणि आठवड्यास १५० मिनिटें चालण्यासारखा व्यायाम करणें, एवढाच त्यांतील नेम होता. त्यांत गरोदरपणीं मधुमेह होऊन गेलेल्या ३५० स्त्रिया होत्या. त्या गोष्टीस सरासरी १२ वर्षें लोटलीं होतीं. तरीहि नेम पाळणाऱ्यांत मधुमेहाचें प्रमाण निम्म्याहूनहि कमी झालें. चेन्नईस डॉ. ए. रामचंद्रन यांनीं केलेल्या प्रयोगांतहि, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत, राहणी बदलल्यानें धोका शेंकडा २८ नें घटला. हा निष्कर्ष २००६ चा आहे.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. भारत, बांगलादेश व श्रीलंका येथील बाळंतिणींसाठीं योजिलेल्या अशाच एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ सालीं आला, आणि त्यांत उपदेश मिळालेल्या व न मिळालेल्या स्त्रियांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. उपदेश करणें सोपें असतें. अंगावर पितें मूल आणि शिरावर संसार असतांना तो आचरणें अवघड. म्हणून हें काम एकट्या बाळंतिणीचें नव्हे, सबंध घराचें आहे.

महाराष्ट्रास हा विषय विशेष निकटचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा मागोवा घेतला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्टनच्या बालकांचें ३.५ किलो. परंतु हाडापेरानें बारीक असलेल्या या बालकांच्या अंगीं चरबी मात्र त्या मानानें टिकून होती. म्हणजे अंगानें सडपातळ असलेल्या मराठी स्त्रीनेंहि निर्धास्त राहूं नये.

कोंकणांत बाळंतिणीस अळिवाचे व डिंकाचे लाडू, तूपभात आणि सव्वा महिन्याची विश्रांति देण्याची चाल आहे. ती निर्माण झाली त्या काळीं किनाऱ्यावरील बायका भात कांडीत, पाणी वाहीत, मासळीची पाटी डोकीवर घेऊन बाजार गांठीत. त्या झिजलेल्या देहास ती पुष्टि हवीच होती. आज गिरण आली, नळ आला, वाहनें आलीं; खाडीवरून मोटारीहि तरीनें पार होतात. कष्ट गेले, लाडू मात्र राहिले. चाल मोडावी असें नव्हे. तिच्यामागील माया ठेवून गूळतूप आवरावें. ताटांत भात बेताचा असावा. मासळी, कुळीथ, भाजी यांस अधिक जागा द्यावी. मुलास अंगावर पाजावें. त्यानें आईचाहि धोका कमी होतो असें दिसून आलें आहे. अंगांत बळ आलें कीं रोज अर्धा तास चालावें, आणि तेवढा वेळ मूल सासूनें अगर नवऱ्यानें सांभाळावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तपासणीची. प्रसूतीनंतर सुमारें सहा आठवड्यांनीं ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन रक्त तपासून घ्यावें. त्यांत दोष न निघाला तरी पुढें दर १ ते ३ वर्षांनीं पुन्हां तपासावें. बाळाची लस जशी विसरत नाहींत, तशी आईची ही तपासणीहि विसरूं नये. बेनेविट्झच्या काळीं साखर गेली आणि सर्व निश्चिंत झाले. जातांना ती काय सांगून गेली, हें आज ठाऊक झालें आहे. तें ऐकणें घराच्या हातीं आहे.