शेजवानच्या आधीचं मटण

रत्नागिरीत संध्याकाळी चायनीजच्या गाडीपुढे उभं राहिलं की बर्नरचा घोंघाट, उलथन्याचा खणखणाट आणि शेजवानचा ठसका एकदमच अंगावर येतो. पाटीवर चिकनच चिकन, मटण क्वचित. उत्तर चीनमध्ये मात्र मान मटणाचा. बीजिंगच्या मुस्लिम खाणावळींत मेंढीच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप, मूठभर पातीचा कांदा, सोया सॉस आणि थोडा व्हिनेगर भडक्या आचेवर दोन-तीन मिनिटांत परततात. नाव 'त्सुंग पाओ यांग रोऊ'. यातला 'यांग' म्हणजे मेंढीही आणि बकरीही. आपल्या 'मटण'सारखाच ऐसपैस शब्द. ताजं, चविष्ट या अर्थाचं चिनी अक्षर तर मासा आणि यांग शेजारीशेजारी बसवून लिहितात. मिरकरवाड्याचं मासळी बंदर असलेल्या आपल्या गावात ते कुणाला समजावून सांगायला नको!

हा पदार्थ आपल्या गाड्यांवर आला नाही. कोलकात्यात आले ते दक्षिण चीनचे हक्का लोक. कातडी कमावण्याच्या धंद्यात स्थिरावले. त्यांच्या रांधण्यात इथली हिरवी मिरची मिसळली. कोलकात्यातच जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी चिकन मंच्युरियन केलं. कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळलेले तुकडे, वर आलं-लसूण-मिरचीचा दाट रस. मुंबईत रुजलेलं कोकणात पोचायला कितीसा वेळ लागतो?

मला हळहळ वाटते ती त्या झटपट परतण्याची. त्यात पिठाचं जाड कवच नाही, तळण नाही. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं, आणि ते या पद्धतीला साजेसंच आहे. १०० ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम दोन-तीन ग्रॅम चरबी, शिवाय लोह, जस्त, बी-१२. चरबीदार मेंढीच्या मांसात चरबी वीस ग्रॅमपर्यंतही जाते. जपायचं ते मिठाला. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे.

तेव्हा या रविवारी खाटकाकडून कोवळ्या बोकडाच्या मांडीचं पाव किलो बिनहाडाचं मटण आणा. तासभर फ्रीजरमध्ये ठेवून धाग्याला आडवे, पातळ काप करा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा आणि दोन हप्त्यांत परता. सगळं एकदम टाकलंत तर पाणी सुटेल. सॉस एकच चमचा, वरून मीठ नको.