शिकारी नसलेली शिकार

मासेमारीचा इतिहास लिहिताना आपण मासा आणि कोळी यांचाच विचार करतो. त्याच दोऱ्यात अडकणाऱ्या पक्ष्याची नोंद सहसा होत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातील मत्स्यविनोदात गळ, दोर आणि आमिष यांचा तपशील येतो. तो दोर नैसर्गिक तंतूंचा होता. पुढेही शतकानुशतके जाळी सूत-तागासारख्या तंतूंचीच राहिली. ती वरचेवर वाळवावी लागत, कारण ती कुजत. टाकून दिलेले जाळे यथावकाश मातीला मिळे.

१९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभरच्या मासेमारीत शिरले. बळकट आणि पाण्यात जवळजवळ न दिसणारा तंगूस कोळ्यांना वरदान वाटला, यात नवल नाही. मात्र जे माशाला दिसत नाही, ते पाणकावळ्यालाही दिसत नाही. आणि जे कुजत नाही, ते टाकून दिल्यावरही पकडतच राहते.

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात याला वेगळा अर्थ आहे. मायणीचा तलाव इंग्रजी अमदानीत शेतीसाठी बांधला गेला. पुढे तो स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान झाला. २०२१ साली मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु पाण्याला हद्द नसते. खटाव तालुक्यातून वाहणारी येरळा सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर टाकलेला धागा खाली कोणाच्या पायात गुंतेल, हे सांगता येत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली. सापळा लावणेही त्यात आले. परंतु कायद्यापुढे उभा राहतो तो हेतू असलेला माणूस. तुटलेल्या तंगुसामागे असा हेतू नसतो. पक्षी मात्र तितकाच जायबंदी होतो. पायाला आवळलेला धागा रक्तपुरवठा तोडतो. गिळलेला गळ ओढून काढू पाहिल्यास अन्ननलिका फाटते. म्हणून धागा न ओढता, त्याचे टोक चोचीबाहेर राहील असा तो कापावा. पक्ष्याला हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे, बळजबरीने पाणी पाजू नये, आणि त्वरित वनविभागाला कळवावे. बरे करण्याचे काम पशुवैद्याचे आहे.

कोळ्याला आरोपी ठरवून यातून मार्ग निघणार नाही. जाळे वाळवणारी, सांधणारी पिढी ही त्याचीच होती. कुजण्याचे जे काम पूर्वी ताग आपण होऊन करीत असे, ते आता माणसाने करायचे आहे: तुटलेला धागा पाण्यातून उचलून घरी न्यायचा आहे.