केइनिट आणि आठ तासांचं तिकीट

रोज सकाळी ऑफिसात पोचलो की मी तीन गोष्टी करतो. मशीनवरचा पाणचट चहा आणतो, टर्मिनल उघडतो आणि 'केइनिट' टाइप करून एंटर मारतो. पासवर्ड विचारला जातो. तो टाकला की स्क्रीनवर काहीच उमटत नाही. युनिक्सची जुनी सवय आहे ही, काम झालं की गप्प बसायचं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या कमांडने मला एक 'तिकीट' मिळतं. ते खिशात असलं की दिवसभर कुठल्याही सर्व्हरपाशी गेलो तरी पुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही. 'के-लिस्ट' म्हटलं की खिशातली तिकिटं दिसतात, 'के-डिस्ट्रॉय' म्हटलं की ती फाडून टाकली जातात. या सगळ्या कारभाराचं नाव कर्बेरॉस.

या तिकिटाला मुदत असते, आणि माझं त्याच्याशी भांडण झालं ते त्या मुदतीवरूनच.

झालं असं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी महिनाअखेरचा एक डेटा लोड माझ्या गळ्यात पडला होता. शुक्रवारी संध्याकाळी सातला मी केइनिट केलं, स्क्रिप्ट सुरू केली आणि घरी गेलो. स्क्रिप्ट रात्रभर इमानेइतबारे राबली आणि पहाटे साडेपाचला निकाल क्लस्टरवर ठेवायला गेली. तिकीट दहा तासांचं होतं, पाचला संपलेलं. रात्रभराचं काम पाण्यात! शनिवारी सकाळी आठला फोन आला. कोणाचा आणि कुठल्या सुरात, ते सांगत नाही.

सोमवारी मी अस्सल इंजिनियरी तोडगा काढला. पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ठेवला आणि दर चार तासांनी स्क्रिप्टनेच तो केइनिटला भरवायचा अशी सोय केली. तीन आठवडे सगळं लोण्यासारखं चाललं. मग एक दिवस आमच्या सीनियरनी स्वतःच्या लॉगिनवरून ती फाइल उघडली आणि माझा पासवर्ड सगळ्या टीमसमोर मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका मुलीचं नाव होतं. पुढचे दोन महिने कसे गेले याची कल्पना तुम्हीच करा :-)

दुपारी जेवताना ते म्हणाले, "अरे, मुदत ही चूक नाहीये. ती कोणीतरी विचार करून घातलीये. वाच जरा." आणि १९८८ सालचा एक पेपर पाठवला. तो वाचता वाचता मी जो मागे मागे गेलो, तो हा लेख.

गोष्ट सुरू होते १९८३ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. डीईसी आणि आयबीएम या दोन कंपन्यांना बरोबर घेऊन एमआयटीने 'प्रोजेक्ट अथेना' सुरू केला. कॅम्पसभर कॉम्प्युटर पसरायचे, आणि कुठल्याही विद्यार्थ्याने कुठल्याही मशीनपुढे बसावं तर त्याला त्याच्याच फाइली आणि त्याचीच टपाल दिसावी, हा हेतू. आज हे वाचून कोणी भुवईसुद्धा उंचावणार नाही. पण तोवर कॉलेजात कॉम्प्युटर म्हणजे एक मोठं धूड आणि त्याला लटकलेली टर्मिनलं. धुडाला सगळे वापरकर्ते माहीत, धूड कुलूपबंद खोलीत, विषय संपला. (युनिक्सवर खिडक्या दाखवणारं एक्स विंडो हेसुद्धा याच प्रोजेक्टचं अपत्य, १९८४ चं. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आता धुडाच्या जागी शेकडो सुटी वर्कस्टेशनं आली, तीही सार्वजनिक खोल्यांत. विद्यार्थी ती बंद करू शकतो, स्वतःची डिस्क घालून पुन्हा सुरू करू शकतो, तारेवरून काय वाहतंय ते ऐकू शकतो. अथेनाच्या सार्वजनिक मशीनचा रूट पासवर्ड तर गुपितच नव्हता! म्हणजे "मी अमुक, माझी टपाल द्या" असं मशीनने सर्व्हरला सांगितलं तर त्या सांगण्याची किंमत शून्य.

त्या वेळच्या बर्कली युनिक्सची पद्धत मात्र नेमकी अशा सांगण्यावर चालायची. 'आरलॉगिन', 'आरएसएच' या कमांड समोरच्या मशीनचं नाव बघायच्या, ते ओळखीचं असलं की आत घ्यायच्या. गावात चालून जातं हे, अमक्याचा मुलगा आहेस ना, ये बस. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर जो वर्म सोडला, त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक ही ओळखीपाळखीची वाट होती. सोडला होता एमआयटीच्याच एका मशीनवरून.

अथेनाच्या मंडळींपुढे तीन पर्याय होते. एक, मशीनवर विश्वास ठेवायचा. दोन, मशीनची खात्री करून घ्यायची आणि माणसाबद्दल ते सांगेल ते मानायचं. तीन, प्रत्येक सेवेपाशी माणसानेच स्वतःला सिद्ध करायचं. त्यांनी तिसरा घेतला. पण मग प्रत्येक सेवेपाशी पासवर्ड टाकत बसायचं? आणि तो तारेवरून उघडा जाणार त्याचं काय?

याचं उत्तर मुख्यतः डीईसीचे स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी रचलं, आणि त्याचा पाया होता १९७८ चा. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रातून रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी त्या वर्षी एक पेपर लिहिला होता. त्यातली युक्ती मला कळली ती डब्याच्या रूपात. समजा एक कारकून आहे, ज्याच्याकडे प्रत्येकाच्या कुलपाची किल्ली आहे. मी त्याला नुसतं नाव सांगतो. पासवर्ड नाही, फक्त नाव. तो माझ्या नावाचं तिकीट एका डब्यात घालतो, डब्याला माझं कुलूप लावतो आणि डबा बिनदिक्कत तारेवरून पाठवून देतो. कोणीही पळवा, उघडणार नाही. माझा पासवर्ड म्हणजे त्या कुलपाची किल्ली, आणि ती माझ्या मशीनच्या बाहेर कधीच जात नाही. डबा उघडता आला, म्हणजे मी मीच.

केइनिट टाइप केल्यावर घडतं ते एवढंच. डब्यातून निघतो तो एक पास. पुढे टपाल हवी असेल तर पास दाखवून टपालाचं तिकीट घ्यायचं, प्रिंटर हवा असेल तर प्रिंटरचं. हे सगळं तुमच्या पाठीमागे परस्पर होत राहतं, आणि पासवर्ड सकाळी एकदाच.

हे लोकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये बिल ब्रायंटने चक्क चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. अथेना नावाची उत्साही डेव्हलपर एकेक योजना मांडते आणि युरिपिडीज नावाचा मुरलेला प्रोग्रामर प्रत्येक योजनेला भोक पाडतो. ती घरी जाते, नवी योजना घेऊन येते, पुन्हा भोक. आमच्या कोड रिव्ह्यूत रोज हेच चालतं, फक्त त्याला इतकं छान लिहिणारा कोणी नाही. कर्बेरॉस शिकायचं असेल तर आजही मॅन्युअलच्या आधी ते वाचा.

आता मुदतीकडे. तिकीट माझ्या मशीनवर पडून असतं. मी चहाला गेलो आणि मागे कोणी ते उचललं, तर? ते कायमचं चालत असेल तर मी कायमचा मेलो. म्हणून तिकिटावर वेळ. अथेनात पास चालायचा आठ तास. १९८८ च्या पेपरात स्टायनर, न्यूमन आणि शिलर यांनी हे सरळ सांगून टाकलंय: कोणी त्याहून जास्त वेळ बसला तर त्याचं पुढचं काम अडेल, मग त्याने केइनिट चालवावं आणि पुन्हा पासवर्ड द्यावा. माझी शनिवार सकाळ तिथे आधीच छापलेली होती, माझ्या जन्माच्या आधी!

वेळेचं दुसरंही एक कारण आहे. मूळ १९७८ च्या योजनेत एक भगदाड होतं. जुनी किल्ली चोराच्या हाती लागली तर तो जुनाच निरोप पुन्हा पाठवू शकायचा, आणि निरोप शिळा आहे हे सर्व्हरला कळायला मार्गच नव्हता. १९८१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या डोरोथी डेनिंग आणि त्यांचे सहलेखक जोव्हानी साको यांनी ते दाखवलं आणि प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का मारा असं सुचवलं. कर्बेरॉसने ते उचललं. त्याची किंमत म्हणजे सगळ्यांची घड्याळं जुळली पाहिजेत. साधारण पाच मिनिटांची सूट मिळते, त्यापलीकडे 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट' असा एरर. आपल्याकडे कार्यक्रमाला पाच मिनिटं उशीर म्हणजे माणूस वेळेवर आला. कर्बेरॉस तिथेच दार लावतं.

नावाबद्दल थोडं. कर्बेरॉस हा ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. आपल्या यमाकडेही चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत, ऋग्वेदात. त्यातल्या 'शबल' शब्दाशी कर्बेरॉसचं नातं काही भाषाशास्त्रज्ञांनी जोडून पाहिलं होतं, पण ते आता फारसं मानलं जात नाही. गंमत म्हणजे ग्रीकांचा कुत्रा मुख्यतः आतल्यांना बाहेर पडू देत नसे. नेटवर्कच्या सुरक्षेसाठी नाव जरा उलटंच झालं म्हणायचं.

असो. जानेवारी १९८७ पासून अथेनाचे ५,००० वापरकर्ते, ६५० वर्कस्टेशनं आणि ६५ सर्व्हर यांची ओळख पटवायचं काम एकट्या कर्बेरॉसकडे होतं. आधीच्या तीन आवृत्त्या घरातच राहिल्या. चौथी जानेवारी १९८९ मध्ये जगासाठी खुली झाली. जगासाठी म्हणजे अमेरिकेसाठी, कारण कुलूप डीईएस पद्धतीचं होतं आणि एन्क्रिप्शन तेव्हा अमेरिकेच्या कायद्याने शस्त्रास्त्रांत मोडायचं. मग कोडमधून एन्क्रिप्शनचा सगळा भाग काढून उरलेला सांगाडा बाहेर पाठवला गेला. नावही 'बोन्स', हाडं! ऑस्ट्रेलियात एरिक यंगने स्वतः डीईएस लिहून त्या हाडांवर पुन्हा मांस चढवलं. याच यंगने पुढे टिम हडसनबरोबर एसएसएलईवाय लिहिलं आणि त्यातून १९९८ मध्ये ओपनएसएसएल निघालं. म्हणजे तुम्ही ऑनलाइन वीजबिल भरता त्या वाटेवरही कुठेतरी या कुत्र्याची हाडं पुरलेली आहेत.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. प्रत्येक तिकिटाबरोबर एक तात्पुरती किल्ली येते, आणि ती कोणालाही ओळखता येऊ नये एवढी बेभरवशाची असावी लागते. डीईएसची किल्ली ५६ बिटांची. पण चौथ्या आवृत्तीत ती बनवायचं बी होतं घड्याळाची वेळ, प्रोसेसचा नंबर वगैरे अंदाज करता येण्याजोग्या गोष्टींचं. १९९६ मध्ये पर्ड्यूच्याच कोस्ट प्रयोगशाळेतल्या मंडळींनी दाखवून दिलं की खरं बळ जेमतेम २० बिटांचं, म्हणजे सुमारे दहा लाख शक्यता. कॉम्प्युटरला हा काही सेकंदांचा खेळ. सात वर्षं तो कोड सगळ्यांसमोर उघडा होता, मोठमोठ्या संस्था त्यावर विसंबून होत्या, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी तो वाचला असणार. मीही रोज डझनभर लायब्ररी डाउनलोड करतो. एकीचाही कोड उघडलेला नाही.

चौथ्या आवृत्तीत आणखीही एक ढिलाई होती. कारकून डबा कोणालाही द्यायचा, मागणारा कोण ते न विचारता. चोराने माझ्या नावाचा डबा घरी न्यावा आणि निवांत एकेक किल्ली लावून पाहावी. पासवर्ड 'गणपती१२३' असेल तर झालंच. पाचव्या आवृत्तीत त्यावर उपाय आला: आधी किल्ली आहे याचा पुरावा द्या, मग डबा.

ही पाचवी आवृत्ती सप्टेंबर १९९३ मध्ये कागदावर पक्की झाली. ती का लागली याची कारणं वाचताना मी खुर्चीतून उठलोच. चौथ्या आवृत्तीत तिकिटाची मुदत एका बाइटमध्ये, पाच-पाच मिनिटांच्या हिशेबात लिहीत. २५५ गुणिले ५, म्हणजे फार तर सव्वाएकवीस तास. ज्यांची गणितं त्याहून जास्त वेळ चालायची ते लोक अडायचे. माझेच भाऊबंद! त्यांच्यासाठी पाचव्या आवृत्तीत नूतनीकरणाचं तिकीट आलं. मुदत संपण्याआधी नुसतं 'केइनिट' आणि मोठ्या लिपीतला 'आर' द्यायचा. पासवर्डशिवाय, ठरलेल्या दिवसांपर्यंत, तिकीट ताजं होत राहतं. पासवर्ड फाइलमध्ये लिहायची गरज १९९३ पासूनच नव्हती.

२००० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये हीच पाचवी आवृत्ती घेतली (स्वतःची पुरवणी जोडून, आणि त्यावर भरपूर वाद ओढवून घेऊन). तेव्हापासून कंपनीच्या डोमेनवर सकाळी लॉगिन करणारा प्रत्येक अकाउंटंट नकळत केइनिटच करतोय. तिथेही नेहमीची मुदत दहा तास, नूतनीकरण सात दिवस. अर्थात सगळ्या किल्ल्या एका कारकुनाकडे ठेवल्या की चोर कारकुनाकडेच जाणार. त्याची मुख्य किल्ली मिळाली तर हवी तितकी खोटी तिकिटं छापता येतात. 'गोल्डन तिकीट' म्हणतात त्याला. ही जोखीम पहिल्या दिवसापासून माहीत होती. कारकुनाचं मशीन कुलूपबंद खोलीत ठेवायचं, एवढाच त्यावर तोडगा होता.

माझ्या स्क्रिप्टचं म्हणाल तर तिला आता स्वतःचं वेगळं खातं आहे. त्याची किल्ली एका की-टॅब फाइलमध्ये असते आणि ती फाइल त्या खात्याशिवाय कोणी वाचू शकत नाही. सीनियरनी स्वतःच्या लॉगिनवरून प्रयत्न करून खात्री करून घेतली, मगच मला सोडलं.

१९८८ च्या त्या पेपरात असंही म्हटलंय की कोणी कुतूहलाने के-लिस्ट चालवलं तर आपल्या नावावर गुपचूप किती तिकिटं घेतली गेलीत ते पाहून त्याला नवल वाटेल. शुक्रवारी निघताना मी चालवलं. नऊ होती. त्यातली दोन कुठल्या सर्व्हरची आहेत ते मला ओळखता आलं नाही, सोमवारी विचारायचंय. मग के-डिस्ट्रॉय केलं आणि बस पकडली.