कापूस, फॉलिडॉल आणि आपला टेम्पो

गेल्या आठवड्यात आमच्या लोणीच्या चौकात एक टेम्पो माल उतरवत होता. खाली पेंडीची पोती, पोत्यांवर औषधाचे खोके. औषध म्हणजे आपण फवारतो ते. एक खोका बुडाशी ओला झालेला, वास पार रस्त्यावर येत होता. ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, खोक्यात काय आहे?" तो म्हणाला, "काय माहीत, बिलात असंल." फडक्यानं पोतं पुसलं आणि दिलं उतरवून. दुकानदाराला बोललो, तर तो हसला. "भाऊ, इतकी वर्षं असाच माल येतोय. आजपर्यंत काही झालंय का?"

या वाक्याला फार जुना इतिहास आहे, आणि तो आपल्या माणसांच्या रक्ताचा आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

काल १४ एप्रिल. जयंतीच्या कार्यक्रमाचे फोटो टाकलेच आहेत. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. तो पाळायचं कारण म्हणजे १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट. आंबेगाव-जुन्नरच्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा मुंबईत हमालीला होती. माझे एक चुलत आजोबा मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहायचे. ते त्या दिवशी गोदीत नव्हते, म्हणून मला बघायला मिळाले. एरवी बोलका माणूस, पण गोदीचा विषय निघाला की तंबाखू मळत बसायचे.

झालं असं. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज इंग्लंडहून दारूगोळा घेऊन निघालं. सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला थोडा माल उतरला आणि जागा मोकळी झाली. युद्धाचे दिवस, जहाजात रिकामी जागा ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यात कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, गंधक, जे मिळेल ते भरलं. कॅप्टननं हरकत घेतली होती, पण ती कुणी ऐकली नाही. कापूस सुका असला तरी एकदा धुमसायला लागला की आतल्या आत धुमसत राहतो. आपल्याकडे कडब्याच्या गंजीचं होतं तसंच. आणि त्याच्याच शेजारी स्फोटकं!

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. स्फोटकांचं जहाज बाहेर समुद्रात थांबवून माल लहान पडावांत उतरवायचा, असा शांततेच्या काळातला रिवाज होता. युद्धामुळे तो बाजूला ठेवला गेला. धोक्याचं लाल निशाणही जहाजावर नव्हतं. शेजारच्या जहाजांना आणि हमालांना आपण कशाजवळ उभे आहोत याचा पत्ता नव्हता. थोडक्यात, "बिलात असंल"!

१४ तारखेला दुपारी दोन नंबरच्या होल्डमधून धूर दिसला. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातलं कोठार. बंबवाल्यांनी पाणी मारायला सुरुवात केली. पण आग नेमकी कुठं आहे तेच दिसेना. नुसतं पाणी भरत गेलं आणि त्या पाण्यावर जळता कापूस वर वर, स्फोटकांकडे सरकत गेला. जहाज बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं, यावर साहेब लोकांचं बोलणं चाललं होतं. निर्णय कुणी घेतला नाही. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. सोन्याची वीट कुणाच्या तरी गॅलरीत जाऊन पडली, हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. किती हमाल गेले हे मात्र कुणाला धड सांगता येत नाही, कारण रोजंदारीवरच्या माणसाचं नाव वहीत असेलच असं नाही.

त्यातून धडा घेतला असेल असं तुम्हाला वाटेल. १९५८ साली केरळात आणि मद्रास राज्यात लोक चपाती-भाकरीसारखे साधे पदार्थ खाऊन मरायला लागले. शंभरावर माणसं गेली. शोध घेतल्यावर कळलं, गव्हाचं पीठ आणि फॉलिडॉल एकाच जहाजातून आलं होतं. डबे गळले आणि विष पोत्यांत उतरलं. फॉलिडॉल हे नाव आपल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग बसला. पुढं दहा वर्षांनी, १९६८ ला, कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ ला त्याचे नियम. भोपाळ १९८४ चं. त्यानंतर १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे आणि मोटार वाहतुकीचे नियम आले. आज हायवेला मंचरजवळ टँकरच्या मागं जो चौकोनी रंगीत शिक्का आणि आकडे दिसतात, ते त्यातूनच आले. ड्रायव्हरला प्रशिक्षण हवं, जवळ मालाची लेखी माहिती हवी, हेही त्यातच आहे.

आता १९७१ च्या नियमांत काय लिहिलंय बघा. कीटकनाशक अन्नाला किंवा पशुखाद्याला लागेल अशा रीतीनं न्यायचं नाही, ठेवायचं नाही. पशुखाद्य हा शब्द त्यात आहे. म्हणजे आपली पेंड. वाटेत गळती होऊन माल मिसळला, तर सक्षम अधिकाऱ्यानं तपासल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. गळती आवरायची जबाबदारी वाहतूकदाराची आणि साठा ठेवणाऱ्याची. दुकानातही औषध वेगळ्या खोलीत, नाहीतर कुलपाच्या कपाटात ठेवायचं. फडक्यानं पुसायचं, असं कुठंही लिहिलेलं नाही.

लोणी म्हटलं की बाहेरच्यांना लोणी काळभोर आठवतं. तिथं तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. आपल्या लोणीत डेपो नाही, म्हणून इथं घातक माल नाही, असं आपण धरून चालतो. पण कांद्या-बटाट्याच्या हंगामात या एका रस्त्यानं किती लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे डबे जातात, ते मोजा एकदा. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल.

नुसतं दुकानदारावर ढकलून मी मोकळा होणार नाही. परवा घरी येऊन बघितलं, तर आमचीच उरलेली बाटली गव्हाच्या कोठीमागं, गेल्या रब्बीपासून. आई म्हणाली, "पोरांचा हात पुरू नये म्हणून ठेवली." मीच सांगितलं असणार तसं. आणि आणली होती गाडीच्या डिकीतून, किराण्याच्या पिशवीसोबत.

ती पोती ज्यांच्या गोठ्यात गेली त्यांना मी सांगून आलोय, ती वापरू नका. त्यांनी बाजूला ठेवलीत. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण आधी तपासणी व्हावी म्हणून पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे अर्ज दिलाय. पोहोच घेतली आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार. टेम्पोवाले, दुकानदार, दूध डेअरीवाले, सगळ्यांना निरोप गेलेत. मागणी साधी आहे: औषध आणि पेंड एका खेपेत नको, आणि टेम्पोत काय आहे त्याचा मराठीत लिहिलेला कागद ड्रायव्हरच्या खिशात हवा. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी आठला, झेंडावंदनानंतर लगेच थांबा.