विधान परिषद : शहाणपण कोणाचें मोजावें?

महत्त्वाच्या गोष्टीचा दोनदां विचार करावा, ही रीत आपल्या घरांघरांतून आहे. सोयरीक ठरवितांना किंवा जमीन विकतांना मुलांनीं केलेला बेत वडीलधाऱ्यांच्या कानांवर घातला जातो. ते तो मोडूं शकतातच असें नाहीं. पण चार दिवस थांबवूं शकतात, आणि त्या चार दिवसांत पुष्कळदां डोकें शांत होतें. राज्याच्या कायदेमंडळांत दुसरें सभागृह ठेवण्यामागें हीच कल्पना आहे. मात्र घरांतील वडीलधारे कोण हें वयावरून आपोआप ठरतें. राज्यांतील वडीलधारे कोणीं व कसे निवडावयाचे, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. आपल्या विधान परिषदेचा इतिहास हा बहुतांशीं या एकाच प्रश्नाला वेळोवेळीं दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

पहिलें उत्तर सरळ होतें : सरकार ज्याला शहाणा म्हणेल तो शहाणा. 1861 च्या कायद्यानें मुंबईच्या गव्हर्नरास आपल्या मंडळांत कायदे करण्यापुरते कांहीं जादा सभासद घेण्याची मुभा मिळाली, आणि त्यांतील निदान निम्मे सरकारी नोकरीबाहेरचे असावेत अशी अट घातली गेली. नाना शंकरशेट या मंडळांत आले ते याच वाटेनें. परंतु या सभासदांना सरकारास प्रश्न विचारतां येत नसे, कीं जमाखर्चाची चर्चा करतां येत नसे. पुढें 1892 च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मोकळीक मिळाली. नगरपालिका, विद्यापीठ इत्यादि संस्थांना नांवें सुचविण्याचा अधिकार आला. निवडणूक हा शब्द कायद्यानें कटाक्षानें टाळला; तरी फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले हे मुंबईच्या कायदेमंडळांत पोंचले ते लोकांच्या पसंतीनेंच.

परंतु पसंतीनें आलेल्यांच्या बोलण्याला वजन किती, याचा प्रत्यय 1901 सालीं आला. सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेली जमीन पुन्हां लागवडीस देतांना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास असूं नये, अशा आशयाचें विधेयक सरकारनें आणलें. लोकमत अजमावल्यावांचून घाई करूं नये, हें मेहतांचें म्हणणें सरकारी बहुमतापुढें फुकट गेलें. तेव्हां मेहता उठून चालते झाले. गोखले प्रभृति सभासदहि बाहेर पडले. विधेयक अर्थातच मंजूर झालें. शहाणपण हजर होतें, मतांची सत्ता नव्हती.

1919 च्या सुधारणांनंतर कायदेमंडळांत निवडून आलेल्यांचें बहुमत झालें. नांव ‘कौन्सिल’ असलें, तरी प्रांताचें तें एकुलतें एक सभागृह होतें, आणि मतदानाचा हक्क थोड्यांनाच होता. तरीहि याच सभेंत 1923 च्या ऑगस्टांत सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला, म्हणून तर 1927 सालीं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या सभेंत दाखल झाले ते निवडणुकीनें नव्हे, तर सरकारी नेमणुकीनें. आणि 1928 मध्यें त्यांनीं वतनदार महारांना वेठीसारख्या चाकरींतून सोडविण्याचें विधेयक मांडलें. नेमणूक ही नेहमींच खुशामतीचें बक्षीस असते असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. ज्यांच्या हातीं मत नाहीं, त्यांचा आवाज सभेंत पोंचविण्याची ती एक खिडकीहि होऊं शकते.

मुंबई इलाख्यांत खऱ्या अर्थानें दोन सभागृहें आलीं तीं 1935 च्या कायद्यानें, 1937 सालीं. विधान सभेंत 175 सभासद व वरिष्ठ सभागृहांत उणेपुरे 30. वरिष्ठ सभागृह कधींच एकदम विसर्जित व्हावयाचें नाहीं, दर तीन वर्षांनीं एकतृतीयांश सभासद निवृत्त व्हावयाचे, अशी योजना होती. मंगळदास पक्वासा हे त्याचे अध्यक्ष झाले. येथें शहाणपणाची कसोटी बदलली : वरिष्ठ सभागृहाचा मतदार होण्यास मोठी मालमत्ता किंवा मोठा हुद्दा लागे. ज्याच्या पदरीं गमावण्यासारखें कांहीं आहे तोच सावधपणें वागेल, असा हा हिशेब. लोकांच्या निवडणुकीला लगाम घालण्यासाठींच हें सभागृह निर्माण केलें, अशी टीका त्यावर झाली, ती अवास्तव म्हणतां येणार नाहीं.

म्हणून स्वतंत्र भारताची घटना होत असतां प्रांतांत दुसरें सभागृह मुळांत हवेंच कशाला, असा वाद निघाला. निर्णय त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींवर सोंपविण्यांत आला. मुंबई, मद्रास, पश्चिम बंगाल, बिहार, संयुक्त प्रांत व पूर्व पंजाब यांनीं दुसरें सभागृह मागितलें. मध्यप्रांत, आसाम व ओरिसा यांनीं तें नाकारलें. शिवाय नको झाल्यास तें मोडण्याची तरतूदहि घटनेंतच ठेवली गेली : विधान सभेनें विशेष बहुमतानें ठराव करावा, संसदेनें कायदा करावा, कीं काम झालें. ही तरतूद शोभेपुरती राहिली नाहीं. पश्चिम बंगालची परिषद 1969 मध्यें आणि मद्रासची, म्हणजे तमिळनाडूची, 1986 मध्यें गेली. आंध्र प्रदेशाची 1985 मध्यें गेली व 2007 मध्यें परत आली. आज महाराष्ट्र धरून केवळ सहा राज्यांत परिषद आहे.

मालमत्तेची कसोटी जाऊन नवी रचना आली ती अशी. महाराष्ट्राच्या परिषदेंत 78 सभासद आहेत. त्यांपैकीं 30 विधान सभेचे आमदार निवडतात; 22 महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात; 7 पदवीधर व 7 शिक्षक निवडतात; आणि साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा यांतील जाणकार म्हणून 12 जणांस राज्यपाल नेमतात. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनीं एकतृतीयांश निवृत्त होतात. मतदान पसंतीक्रमानें होतें. मतदार उमेदवारांपुढें पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो. ठरलेल्या कोट्याहून अधिक पडलेलीं मतें पुढच्या पसंतीकडे वळतात. 2024 च्या जुलैंत 11 जागांसाठीं 274 आमदार मतदार होते. म्हणजे सुमारें 23 मतांना एक जागा. बहुमताच्या पक्षानें सर्वच जागा गिळूं नयेत, हा या पद्धतीचा हेतु आहे.

अधिकार मात्र वडीलधाऱ्यांचे आहेत, मालकाचे नव्हेत. धनविधेयक परिषद चौदा दिवसांपलीकडे ठेवूं शकत नाहीं. इतर विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने, दुसऱ्या खेपेस एक महिना अडवूं शकते. अखेरचा शब्द विधान सभेचा. मग उरतें तें वजन माणसांचें. वि. स. पागे 1960 पासून 1978 पर्यंत परिषदेचे सभापति होते. त्याच काळांत, दुष्काळांत हातांना काम मागण्याचा हक्क देणाऱ्या रोजगार हमी योजनेचा त्यांनीं पाठपुरावा केला, आणि 1977 मध्यें तिचा कायदा मंजूर झाला. ग. दि. माडगूळकर व ना. धों. महानोर हे कवि याच सभागृहांत बसले. शेतीपाण्याचा प्रश्न शेतकरी-कवीच्या तोंडून ऐकण्याचा योग सभागृहांना वारंवार येत नाहीं.

या बाजूला इतकें टाकल्यावर दुसरें पारडेंहि पाहिलें पाहिजे. 2020 च्या जूनमध्यें रिकाम्या झालेल्या राज्यपालनियुक्त बारा जागांपैकीं एकहि 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत भरली गेली नाहीं. भरल्या त्याहि सातच. म्हणजे चार वर्षें या राज्याला साहित्य, कला व विज्ञान यांचा सल्ला नको होता, असाच अर्थ कोणी काढील. स्थानिक संस्थांच्या निवडणुका 2022 पासून लांबत गेल्या, तेव्हां मतदारच उरले नाहींत आणि त्यांच्या जागाहि ओस पडल्या. पदवीधर मतदारसंघांत उमेदवार स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें 1972 सालींच सांगितलें आहे. शिक्षक मतदारसंघांत माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांस मत आहे. खेड्यांत पोरांना पहिलें अक्षर गिरवावयास लावणाऱ्या प्राथमिक शिक्षकास नाहीं. पदवी हें कधीं काळीं विरळा चिन्ह होतें. आतां घरोघरीं पदवीधर आहेत. तरीहि प्रत्येक निवडणुकीस नव्यानें अर्ज करून मतदारयादींत नांव घालावें लागतें, आणि पुष्कळ सुशिक्षित तेवढेंहि कष्ट घेत नाहींत.

हा शेवटचा दोष दुसऱ्या कोणाच्या माथीं मारतां येत नाहीं. मर्जी, मालमत्ता, पदवी अशी शहाणपणाची मोजमापें बदलत आलीं, आणि प्रत्येक माप अपुरें ठरलें. बोले यांचा ठराव, आंबेडकरांचें विधेयक, पागे यांची योजना हीं कामें कोणत्याहि मापानें आणलीं नाहींत. मापाच्या फटींतून आंत आलेल्या माणसांनीं तीं केलीं. परिषद ठेवावी कीं मोडावी याचा निकाल विधान सभा व संसद देतील. पण ती आहे तोंवर, आपल्या मताच्या फटींतून कोणास आंत सोडावयाचें, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. ज्या घरांत दोन पदवीधर आहेत, त्या घरानें पुढच्या निवडणुकीपूर्वीं आपलीं नांवें यादींत आहेत कीं नाहींत, एवढें तरी पाहावें.